इंदाक्काचं कुलूप

करवत माझ्या आधी पोचली होती.

जानाईच्या देवळात सभामंडपाच्या मधोमध सागवानी पेटी, पेटीला तीन कड्या, तीन कड्यांना तीन कुलपं, आणि मधल्या कुलपाशेजारी लोखंड कापायची करवत, पूजेला मांडल्यासारखी. मी पायरीशी चपला काढून आत आलो, तेव्हा पेटीच्या उजव्या अंगाला मांडी घालून बसलेले तात्या डुबल गुरवाला म्हणाले, “हे कोण म्हणायचे?”

“कराडचं दस्तगीरभाई शिकलगार. चावीवालं. इंदाक्कांनी बोलावून घेतलंय.”

“असं व्हय,” डाव्या अंगाला बसलेले आबा मोकाशी म्हणाले. “कवा बघितल्यालं न्हाई.”

मी दोघांनाही सारखाच रामराम घातला. तात्या डुबल माझ्या दुकानातल्या स्टुलावर पाऊण तास बसून आपल्या म्हशीच्या आजारपणाची साद्यंत हकिकत सांगून गेले होते, आणि आबांनी तर माझ्याच डब्यातलं पान लावून खाल्लं होतं. पण आमच्या धंद्याचा एक रिवाज आहे. गिऱ्हाईकानं ओळख दिली तर घ्यायची, नाही दिली तर मागायची नाही. ओळख लपवायला माणसाजवळ काहीतरी कारण असतं, आणि किल्ली करणाऱ्यानं कारणात हात घालू नये. नोंद मात्र ठेवावी.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या चैत्रातली. आता माझ्या दुकानात पोरांनी मशीन आणलंय. इकडून जुनी किल्ली लावली की तिकडून नवी पडते, गिऱ्हाईकाचं तोंडसुद्धा बघावं लागत नाही. आम्ही तोंडं बघत होतो. तेवढ्या वर्षांत घरात पाऊल न टाकता मला कराडातली निम्मी घरं पाठ झाली होती. थोरल्यानं कुलूप बदललं की समजावं, धाकट्यानं वाटणी मागितली. सासरा एकाच्या दोन किल्ल्या करायला आला की समजावं, सुनेनं घर जिंकलं. मला स्वतःच्या या हुशारीचा बरापैकी अभिमान होता. त्या दिवशी सकाळपर्यंत तरी होता.

तारगणी हे गाव कराडापासून बारा-चौदा मैल. तिथल्या जानाईचा चांदीचा मुखवटा या पेटीत असतो आणि वर्षातून एकदा, यात्रेच्या दिवशी, पालखीसाठी बाहेर निघतो. मानकऱ्यांची घरं तीन: डुबल, मोकाशी आणि थोरवत. तिघांचा एकमेकांवर विश्वास किती, तर प्रत्येकाचं कुलूप वेगळं. दहा वर्षांपूर्वी जुनी लोखंडी कुलपं गंजली म्हणून नवी पितळी घ्यायची ठरली, तेव्हा तिघांनी ती तीन वेगळ्या गावांतून आणली; न जाणो, एका दुकानातली किल्ली दुसऱ्याला लागायची. नव्या कुलपाबरोबर किल्ल्या दोन येतात. त्यातली एक मानकऱ्यानं ठेवायची आणि दुसरी सगळ्या गावासमक्ष नदीच्या डोहात टाकायची. तीन घरं, तीन कुलपं, तीन किल्ल्या. चौथी किल्ली असणं म्हणजे देवीच्या घरी चोरी.

आणखी एक रिवाज होता, आणि करवत त्याच्यासाठी आली होती. ज्याचं कुलूप तोडावं लागलं, त्याचा मान तुटला.

मधलं कुलूप थोरवतांचं. थोरवतांचे नाना तीन वर्षांपूर्वी वारले आणि किल्ली त्यांच्या बायकोच्या, इंदाक्काच्या, कमरेला आली. मुलगा नाही. एकच लेक, शालन, मसूरला दिलेली. इंदाक्का म्हणत होती, माझ्यामागं मान शालनचा. तात्या आणि आबा म्हणत होते, लेकीला मान देण्याची चाल नाही. तात्यांना ती जागा आपल्या दुसऱ्या पोरासाठी हवी होती, आबांना आपल्या मेव्हण्यासाठी. त्यामुळे दोघं एकाच गोष्टीला नाही म्हणत होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावरच्या एका आंब्यापायी अकरा वर्षं बोलणं बंद होतं. एकमेकांना काही सांगायचं झालं तर ते गुरवाला सांगायचे, आणि गुरव मध्ये उभा असूनही परत सांगायचा.

हे सगळं मला गुरवाच्या थोरल्या मुलानं मोटारसायकलवरून आणताना वाटेत सांगितलं. आणि हेही, की आज सकाळी इंदाक्काची किल्ली हरवली.

इंदाक्का खांबाला टेकून अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. साठीची बाई, हिरवं इरकल, डोक्यावरचा पदर कपाळाच्या वर एक बोट मागे सरकलेला. मान जाण्याच्या वाटेवर असलेल्या माणसासारखी मुळीच दिसत नव्हती.

“चंची उसवली न् चावी पडली,” ती मला म्हणाली. “सगळी वाट हुडकली. घावली न्हाई. उघडंल का?”

“कुलूप बघू द्या की आधी.”

“बघा, बघा. पण घड्याळ बघून बघा,” तात्या म्हणाले. “बाराला पालखी उठती. साडेअकराला करवत. ठरलंय ते.”

“कुणी ठरवलं?” इंदाक्का.

“रिवाजानं.”

“रिवाजाचा आवाज अगदी तुमच्यावाणी हाय, तात्या.”

मंडपातल्या बायका पदरात हसल्या. तेव्हा पावणेअकरा झाले होते.

मी पेटीसमोर बसलो आणि कुलूप हातात तोललं. पाच पिनांचं, चांगल्या घरचं. तारेनं उचकटून बघण्यात अर्थ नव्हता. खेचताना पिनांवर ओरखडे पडले तर उद्या हेच म्हणायचे की तोडलं. मला किल्लीच करायची होती, आणि तीही समोर नमुना नसताना.

अशी किल्ली करता येते. कोरी किल्ली घ्यायची, म्हणजे खाचा न पाडलेली. ती दिव्यावर धरून काळी करायची, कुलपात घालायची आणि जराशी पिळायची. बाहेर काढली की काजळीवर जिथं पिना घट्ट रुतल्या तिथं पितळ चमकतं. चमकलं तिथं कानस मारायची. पुन्हा काळी करायची, पुन्हा घालायची. ज्या जागेची खोली बरोबर झाली तिथं मग खूण उमटत नाही. कुलूपच सांगत असतं, इथं अजून, इथं पुरे. फक्त ऐकणाऱ्याला घाई नसावी.

मी समईवर किल्ली धरली, तसे लोक जवळ सरकले. यात्रेचा दिवस, मुखवटा पेटीत, दुसरं बघायला काही नव्हतं.

“ह्यो मंत्र हाय का कुठला?” एका म्हातारीनं विचारलं.

“मंत्र कसला, आजी. आत एक गोल नळी हाय. ती फिरली की कडी सुटती. ती फिरू नये म्हणून वरनं पाच पिना तिच्यात घुसल्यात. दर पिन दोन तुकड्याची, वरनं स्प्रिंग दाबून धरती. चावी आत गेली की तिच्या खाचा पिनांना उचलत्यात. पिन कमी उचलली तर वरला तुकडा नळीत अडकतो. जास्त उचलली तर खालचा तुकडा वर जाऊन अडकतो. पाचीच्या पाची पिनांची फट नळीच्या काठाबरोबर आली, की नळी मोकळी.”

“म्हंजे पाचीजण एका टायमाला बरोबर उठाय पायजेत,” गुरव म्हणाला.

“बरोबर.”

“आमच्या पंचायतीवाणी.”

“फरक एवढाच, की हितं उठत्यात.”

तात्यांनी गुरवाकडे बघितलं. गुरवानं देवीकडे बघितलं.

मी घालत होतो, पिळत होतो, काढत होतो, कानस मारत होतो. अकरा वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा पहिल्या जागेची खूण उमटायची थांबली. खोल खाच. आमच्याकडे खाचेची खोली एक ते पाच अशी मोजतात. एक म्हणजे कानस नुसती घासली, पाच म्हणजे जवळजवळ कण्यापर्यंत. ही चारची. मग दुसरी बसली. तिला फारसं घासावंच लागलं नाही. एकची. तिसरी खोल खोल जात राहिली, चारला थांबेल वाटलं, थांबली नाही. पाच.

चार, एक, पाच.

माझा हात थांबला.

इथं माझ्या वहीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक किल्लीचे पाच आकडे मी वहीत उतरवून ठेवायचो. शेजारी नाव आणि गिऱ्हाईकानं सांगितलेलं कारण. गिऱ्हाईकाची किल्ली हरवली तर आकड्यांवरून नवी करून देता येते, म्हणून. नाव खोटं असू शकतं, कारण तर बहुतेक वेळा खोटंच असतं, आकडा खोटा असत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एकजण आला होता. हातात किल्ली नव्हती, धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली साबणाची वडी होती. लाल साबण, त्यात किल्लीचा छाप. “रानातल्या खोपीची हाय,” म्हणाला, “मूळ चावी गड्यापाशी ऱ्हाती.” साबणावरून किल्ली करायची नाही, हे माझ्या वडिलांनी मला हातात कानस देण्याआधी शिकवलं होतं. साबण चोर आणतो. पण हा म्हशीवाला, पाऊण तास बसलेला, चारचौघांत मान असलेला माणूस. केली. वहीत लिहिलं: विष्णू तात्या डुबल, तारगणी, खोप. चार-एक-पाच-दोन-तीन.

चार महिन्यांनी दुसरा आला. पांढरा साबण. “लेकीच्या घरची हाय. जावई चावी हरवत्यात सारखं.” त्यालाही करून दिली. लिहायला गेलो आणि लिहिता लिहिता हात थबकला. चार-एक-पाच-दोन-तीन. आबा मोकाशी. तेही तारगणीचे.

पाच आकडे जसेच्या तसे जुळणं म्हणजे दोघांकडे एकाच कुलपाची किल्ली. आता मला सांगा, एकाच गावातले दोन प्रतिष्ठित, वयस्क पुरुष एका कुलपाच्या दोन चोरट्या किल्ल्या वेगवेगळी कारणं सांगून करून घेतात, तेव्हा माझ्यासारख्या हुशार माणसानं काय समजावं? मी तेच समजलो. ती बाई कराडात कुठल्या गल्लीत राहत असेल याचासुद्धा मी मनाशी अंदाज बांधून ठेवला होता. त्या गल्लीतून जाताना मी दीड वर्ष उगीचच खाकरत होतो.

आणि ते कुलूप होतं इथं, माझ्या मांडीवर.

मी मान वर केली. तात्या छपराची कौलं मोजत होते. आबांनी डोळे मिटून जप चालवला होता. इंदाक्का सुपारी कातरत होती आणि बघत होती. माझ्याकडे नाही, दोघांकडे आळीपाळीनं.

उरलेले दोन आकडे मला पाठ होते. दोन मिनिटांत किल्ली पुरी झाली असती. पण अर्ध्या वाटेवर चाचपडणारा माणूस एकाएकी धावायला लागला, तर वाट त्याच्या ओळखीची आहे हे आंधळ्यालाही कळतं. आणि मला बोलून दाखवताही येत नव्हतं. बोललो तर त्या दोघांची अब्रू जाणार, आणि त्यांच्या मागोमाग माझी: देवीच्या पेटीची किल्ली साबणावरून करणारा शिकलगार. कराडात मला कुणी सायकलचं कुलूपसुद्धा दाखवलं नसतं. गप्प बसून हळूहळू करत राहिलो तर साडेअकरा.

“अकरा वीस,” तात्या म्हणाले. “गुरव, करवतीला तेल लावून ठेवा.”

मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. मी केलेली याच कुलपाची किल्ली घरात ठेवून तो करवतीला तेल लावायला सांगत होता.

“तात्यासाहेब,” मी म्हणालो, “तीन खाचा बसल्यात. दोनच ऱ्हायल्यात. आन् एक सांगू का, मला हे कुलूप वळकीचं वाटाय लागलंय.”

“म्हंजे?”

“म्हंजे दर चावीचा एक आकडा असतो. पाच खाचा, पाच आकडं. माझ्या दुकानात एक वही हाय, तिच्यात मी केलेल्या समद्या चाव्यांचं आकडं हाईत. कुणासाठी केली त्याचं नाव, गाव, त्यानं काय सांगितलं ते, समदं. असा आकडा मी कुठंतरी लिवल्यासारखा वाटतोय. करवत लागली तर लागू द्या. मी कराडला जातो, सावकाश वही बघतो, न् सांजच्याला येऊन पंचांस्नी दाखवतो. आपल्यालाबी कळंल, थोरवतांची चावी हरवली का हरवायला लावली.”

आबांचा जप थांबला.

कौलं मोजणाऱ्या तात्यांची नजर खाली आली, पेटीवरून फिरली, माझ्या हातातल्या किल्लीवर थांबली. मी शांतपणे ती समईवर धरली होती.

“गुरव,” आबा डोळे न उघडता म्हणाले, “त्यास्नी सांगा, कारागिराच्या डोक्यावर बसू नये. कामाला वेळ लागतोच.”

“आबा म्हणत्यात, कामाला...” गुरव सांगू लागला.

“ऐकलं,” तात्या म्हणाले. आणि मग, अकरा वर्षांत पहिल्यांदा, गुरवाला मध्ये न घेता ते आबांना म्हणाले, “माझंबी तेच म्हणणं हाय.”

मी कानस हातात घेतली.

“आन् साडेअकरा?” इंदाक्कानं विचारलं.

“साडेअकरा काय, देवीचं काम हाय,” तात्या म्हणाले. “बारा म्हंजे काय बाराच व्हय? उन्हं कलायच्या आत उठली पालखी म्हंजे झालं. करवत उचला रं ती. पायात येतीय.”

चौथी खाच मी दोनची पाडली, पाचवी तीनची. सोंगापुरती दोनदा काजळी धरली, एकदा कपाळाचा घाम पुसला. मग किल्ली घातली आणि फिरवली. आत पाची पिना एका ओळीत आल्या, नळी गुळगुळीत फिरली, कडी उडाली. उजवीकडचं कुलूप तात्यांनी उघडलं, डावीकडचं आबांनी. झाकण वर झालं. लाल फडक्यात गुंडाळलेला मुखवटा गुरवानं दोन्ही हातांनी उचलला, आणि बाहेर हलगी सुरू झाली. बाराला पाच कमी होते.

पालखी गावप्रदक्षिणेला गेल्यावर देऊळ रिकामं झालं. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. इंदाक्का गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि समोर बसली. मी तिच्यापुढे नवी किल्ली ठेवली.

“घ्या. तुमचा मान.”

तिनं किल्ली उचलली, उन्हात धरून निरखली. मग कमरेची चंची सोडली, त्यातून आणखी एक किल्ली काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी पायरीवर ठेवल्या. खाचेला खाच जुळत होती. चंची कुठंही उसवलेली नव्हती.

मी पाणी पिता पिता थांबलो.

“हरवली न्हवती?”

“मी कशाला हरवीन. तीन वर्सं कमरेला हाय, अंघुळीच्या येळंला तेवढी देवाम्होरं ठेवते. दोन वर्सांमागं एकदा हातात घेतली तर खाचंत लाल कायतरी. वास घेतला, तर साबण. चार महिन्यांनी परत बघते, तर पांढरा साबण. घरात लोकांचा राबता. तात्या यायचे, आबा यायचे, त्यांच्या बायका यायच्या, पोरं यायची. कुणाला धरायचं?”

“मग?”

“मग काय. चावी करणारा धरायचा. सगळ्या तालुक्यात हे असलं कुलूप तुझ्याबिगर कुणाला जमत न्हाई म्हंत्यात. म्हटलं, चावी हरवली म्हणावं न् तुला म्होरं आणून बसवावं. ज्यानं करून घेतली आसंल त्याचं तोंड बघावं.”

“पण मी कुणाचं नाव...”

“तू कशाला नाव घेशील. त्यांनीच घेतलं. सगळ्या गावाला कराडचा शिकलगार म्हाईत. यात्रेत विळ्या-कात्र्यांना धार लावायला तुझा बा बसायचा हितं, पायरीला. ह्या दोघांस्नीच तेवढा तू म्हाईत न्हवतास.”

मी तांब्या खाली ठेवला. माणसं ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी माझी पंचवीस वर्षं समजूत होती.

“आन् मला उघडलंच नसतं तर? करवत लागली असती.”

“साडेअकराला एक मिनिट कमी असताना चावी सापडली असती. पदराच्या गाठीत.” ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “मला चोर बघायचा होता, दस्तगीर. एक वाटला होता, तीन निघाले.”

“तिसरा कोण?”

तिनं गुळाचा खडा माझ्या पुढ्यात सरकवला. वडील गेल्यानंतर माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

“अक्का, चूक झाली,” मी म्हणालो. “बाहेरनं काय कळायचं न्हाई, कुलूप हेच ऱ्हाईल. आतल्या पिना बदलून देतो. अर्ध्या तासाचं काम. पिना बदलल्या की त्या दोघांच्या चाव्या म्हंजे नुसतं पितळ. तुमाला नवी एक देतो, न् आकडा वहीत लिवत न्हाई.”

तिनं विचार केला. खरोखर केला; दोन वेळा कुलूप उचलून खाली ठेवलं.

“नको.”

“नको?”

“त्यांची चावी माझ्या कुलपाची. तात्यापाशी सोताची एक न् माझी एक. आबापाशी सोताची न् माझी. पेटीला लागत्यात तीन. म्हंजे दोघं एक झाल्याबिगर पेटी उघडत न्हाई, न् ते तर एकमेकांच्या सावलीला उभं ऱ्हात न्हाईत. देवीला कसलं भ्या?”

“आज बोलले की एकमेकांशी.”

“भ्याल्यामुळं बोलले. भीती सरली की बंद.” तिनं जुनी किल्ली चंचीत टाकली. “आन् पिना बदलल्या, तर कवातरी एकजण घालून बघणार, लागत न्हाई म्हणून कळणार, न् पुन्यांदा साबण घिऊन हिंडणार. किंवा करवत. ज्याच्या घरात गुपचूप चावी हाय, तो कुलूप फोडायला येत न्हाई. ऱ्हाऊ द्या त्यांच्यापाशी. सांभाळू द्या. बायकांपासनं, पोरांपासनं लपवू द्या.”

नवी किल्ली तिनं माझ्या हातात दिली. “जुनी घावली म्हणून मी गावाला सांगते. ही मात्र तू डोहात टाकायची. पालखी आली की. सगळ्यांसमक्ष.”

मी तशी ती टाकली. सगळं गाव काठावर उभं होतं. तात्या आणि आबा जोडीनं उभे होते, आणि किल्ली बुडाल्यावर दोघांनी पाण्याला हात जोडले.

मला वाटलं, झालं. मी पिशवी खांद्याला लावली, तर गुरवाचा मुलगा म्हणाला, “इंदाक्कांनी सांगितलंय, जेवल्याबिगर सोडू नका.” देवळामागच्या चिंचेखाली मानाची पंगत बसली होती. पत्रावळींवर पुरणपोळ्या पडत होत्या, कटाच्या आमटीचा वास सुटला होता. तात्या एका बाजूला, आबा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक पत्रावळ रिकामी.

“बस,” इंदाक्का म्हणाली. ती तुपाचं तपेलं घेऊन वाढायला उभी होती.

मी बसलो. तात्यांनी माझ्या पत्रावळीखाली खडा घातला, कलंडू नये म्हणून. आबांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. इतक्या अगत्यानं मला माझ्या सासुरवाडीतही कुणी बसवलं नव्हतं.

“पोळी घ्या, दस्तगीरभाई.”

“घेतली की.”

“आणखी एक घ्या. लाजू नका, आपलंच घर हाय.”

“तात्या, तुमी मला वळकत न्हवता न्हवं?”

“आता झाली की वळख,” तात्या म्हणाले, आणि घाईघाईनं आमटी प्यायले.

इंदाक्का पंगतीतून तूप वाढत आली आणि आमच्यासमोर थांबली. तिच्या मागे भाताची परात घेऊन पस्तिशीतली एक बाई उभी होती. नाक आणि हनुवटी इंदाक्काची, पण डोळे खाली.

“ही शालन,” इंदाक्का आवाज न चढवता म्हणाली, पण पंगतीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. “आज सगळा गाव बसलाय, पंचबी हाईत, म्हणून इचारते. माझं वय झालं. चावी आज हरवली, उद्या मी हरवंन. माझ्यामागं थोरवतांची चावी शालनच्या कमरेला यावी, असं माझं म्हणणं हाय. कुणाची हरकत आसंल तर आत्ता सांगावी. मागनं बोलायचं न्हाई.”

सगळे तात्यांकडे बघत होते, आणि तात्या माझ्याकडे. मी आबांकडे पाहिलं, तर तेही माझ्याकडेच. दोघांच्या मध्ये बसून मी पोळीला तूप लावत होतो.

“दस्तगीरभाई काय म्हंत्यात?” गर्दीतून कुणीतरी चेष्टेनं विचारलं.

“मी परगावचा माणूस,” मी म्हणालो. “मी ऐकून घेतो. लागलं तर लिवून ठेवतो.”

तात्यांनी घसा साफ केला. “लेक म्हंजे काय परकी असती व्हय,” ते म्हणाले. “आपल्याच अंगणात वाढल्याली पोर. माझी हरकत न्हाई.”

“तशी चाल न्हाई, पण...” आबा थांबले. इंदाक्का तुपाची पळी त्यांच्या पत्रावळीवर धरून उभी होती. “पण चाली आपणच पाडायच्या असत्यात. मी म्हंतो, आजच जाहीर करा.”

इंदाक्कानं आबांना तूप वाढलं. मग तात्यांना. मग वाकून माझ्या पोळीवर पळीभर ओतलं, आणि वळून म्हणाली, “शालन, मानकऱ्यांस्नी भात वाढ.”